मुलांच्या वाद्यवृंदाला चौदा वादक पुरतात

मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएचं (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) जमशेद भाभा थिएटर आहे, ११०९ आसनांचं. २००६ साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया तिथे वाजवतो. लहान मुलांना वाद्यवृंद ऐकवायचा असं कुणी मनावर घेतलं, मग ती सीएसआरचा निधी हाती असलेली कंपनी असो, महापालिकेचं शिक्षण खातं असो की एखादा रोटरी क्लब, तर डोळ्यांपुढे पहिलं चित्र उभं राहतं ते असंच. मोठं सभागृह, सत्तर-ऐंशी वादक, काळ्या कोटातला कंडक्टर आणि बसगाड्यांतून आणलेली हजारभर मुलं. फोटोही झकास येतात.

माझं म्हणणं असं की पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी हा पैसा चुकीच्या जागी खर्च होतो. चौदा वादक शाळेच्याच सभागृहात न्यावेत, एका वेळी २४० मुलं बसवावीत, दिवसाला दोन प्रयोग करावेत. दोन दिवसांत ९६० मुलं होतात, म्हणजे त्या मोठ्या थिएटरात मावतील जवळपास तेवढीच. फरक इतकाच की यातल्या प्रत्येक मुलाला व्हायोलिनवाल्याचा हात दिसतो.

मोठ्या सभागृहात काय होतं ते आधी पाहू. घडीच्या खुर्चीत सहा वर्षांचं मूल धड बसतच नाही. वजन कमी पडतं, खुर्ची मागून मिटू लागते, आणि मूल पुढच्या काठावर येऊन पाय हलवत बसतं. पुढच्या रांगेत मोठ्या वर्गाची मुलं असली तर त्याला फक्त डोकी दिसतात. विसाव्या रांगेतून ओबो आणि क्लॅरिनेट ही एकसारखी दोन काळी नळकांडी. कंडक्टरची पाठ. सातव्या-आठव्या मिनिटाला कुजबुज सुरू होते, शिक्षक ‘शूऽऽ’ करू लागतात, आणि पुढचा पाऊण तास त्या सभागृहात शिस्तीचाच कार्यक्रम चालतो.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे माइक आणि पडदा. जिल्ह्याच्या नाट्यगृहात ध्वनिव्यवस्थेवाला प्रत्येक वाद्यापुढे माइक लावतो आणि आवाज डाव्या-उजव्या भिंतीवरच्या स्पीकरमधून सोडतो. इथेच सगळं बिघडतं. बासरी मंचाच्या मधोमध वाजते आणि ऐकू येते उजव्या कोपऱ्यातून. मोठा माणूस मनातल्या मनात दुरुस्ती करून घेतो. लहान मुलाला वाद्यवृंदातून जी पहिली गोष्ट कळायला हवी ती म्हणजे ‘हा आवाज त्या माणसाकडून येतोय’, आणि तेवढीच आपण त्याच्यापासून काढून घेतो. मागे एलईडी पडद्यावर हत्ती-घोडे नाचत असतील तर विषयच संपला. मुलं कार्टून पाहतात आणि संगीत पार्श्वभूमीला जातं. माइक लागतो तो फक्त निवेदकाला, तोही कॉलरचा. चौदा वाद्यांचा आवाज २४० मुलांना उघड्या कानांनी सहज पोचतो. पोचत नसेल तर सभागृह चुकीचं निवडलं आहे.

मोठ्या कार्यक्रमाच्या बाजूनं हमखास दाखला दिला जातो तो अमेरिकन कंडक्टर लिओनार्ड बर्नस्टाइनचा. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर त्यांनी १९५८ ते १९७२ या काळात मुलांसाठी ५३ कार्यक्रम केले, दूरचित्रवाणीवरून ते घराघरांत गेले, आणि आजही ते पाहण्यासारखे आहेत. पण ते मुळात व्याख्यान होतं, असामान्य वक्त्यानं केलेलं. ‘संगीताचा अर्थ काय’ असले प्रश्न झेपायला मूल निदान आठ-नऊ वर्षांचं हवं, आणि समोर बर्नस्टाइन हवा. आपल्याकडे त्यातलं बोलणं तेवढं उचललं जातं. शिवाय टीव्हीचा कॅमेरा वादकाच्या बोटांजवळ जात होता, हे विसाव्या रांगेतल्या मुलाच्या बाबतीत कुणाला आठवत नाही.

त्याहून उपयोगाचा नमुना त्याच शहरातला आहे. कार्नेगी हॉलच्या ‘लिंक अप’ उपक्रमात तिसरी ते पाचवीची मुलं आधी वर्गात गाणी आणि रेकॉर्डर नावाची साधी बासरी शिकतात, आणि कार्यक्रमाच्या दिवशी आपापल्या जागेवर बसून वाद्यवृंदाबरोबर गातात, वाजवतात. म्हणजे ‘सहभाग’ कार्यक्रमाच्या दिवशी सुचलेला नसतो, शाळेत कमावलेला असतो. टाळ्या वाजवून घेणं, ‘मज्जा येतेय की नाही?’ असं ओरडून विचारणं, याला सहभाग म्हणत नाहीत. मुलाच्या हातात किंवा गळ्यात असं काहीतरी हवं, जे त्यानं केलं नाही तर संगीतात भोक पडेल.

आता चौदा वादक कोणते? दोन पहिली व्हायोलिन, दोन दुसरी, एक व्हायोला, एक चेलो, एक डबल बास. मग बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून (खर्जातलं लांब फुंकवाद्य), हॉर्न, ट्रंपेट, आणि तालवाद्यांना एक जण. ओबो आणि बॅसून वाजवणारे आपल्याकडे मोजकेच, त्यामुळे ती जागा रिकामी राहिली तर दुसरा क्लॅरिनेट आणि दुसरा चेलो घ्यावा, पण सिंथेसायझर घेऊ नये. एकाच पेटीतून सगळी वाद्यं निघू लागली की मुलाला दाखवायला काही उरत नाही. चार व्हायोलिनांपुढे एक ट्रंपेट भारी पडतो, म्हणून त्याला मागच्या रांगेत बसवून तोंड बाजूच्या भिंतीकडे करायला सांगावं. क्लॅरिनेट, ट्रंपेट वाजवणारी माणसं पोलीस बँडांत आणि लग्नाच्या बँडांतही असतात. त्यातली वाचून वाजवणारी निवडली आणि दोन तालमी जादा दिल्या, तर छोट्या शहरातही जमवाजमव अशक्य नाही.

सभागृह पाहायला जाताना टाळी वाजवावी. फरशी गुळगुळीत, वर पत्रा, भिंती कोऱ्या असं असेल तर टाळीची शेपटी सेकंदभर रेंगाळते. रिकाम्या सभागृहात घाबरू नये. खाली सतरंज्या आणि त्यावर २४० मुलं बसली की निम्मी घुमणी जाते. उरलेल्यासाठी मागच्या भिंतीला जाड पडदे लावावेत, मंडपवाल्याकडे ते असतातच. मुलं जमिनीवर अर्धवर्तुळात, पहिली रांग वादकांपासून दोन मीटरवर, लहान वर्ग पुढे, आठापेक्षा जास्त रांगा नकोत. पंखे चालू ठेवले तर नोटेशनचे कागद उडतात, बंद केले तर मुलं घामाघूम होतात. म्हणून प्रत्येक स्टँडला कपडे वाळत घालायचे चार चिमटे, आणि पंखे मध्यम वेगावर. पावसाळ्यात हा उद्योग करूच नये. एसी गाडीतून दमट सभागृहात आलेल्या व्हायोलिनच्या खुंट्या कधी सरकतात कधी अडकतात, आणि सूर लावण्यातच पंधरा मिनिटं जातात. डिसेंबर-जानेवारी स्नेहसंमेलनांनी अडवलेला असतो. उरतात दिवाळीनंतरचे दोन आठवडे आणि फेब्रुवारीचा पूर्वार्ध. पालिकेच्या दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळांत अकराची वेळ ठेवली तर सकाळचीही मुलं जातात आणि दुपारचीही. नऊ आणि दोन या वेळा ठेवाव्यात.

तयारीला तीन आठवडे हवेत, आठवड्याला दोन तासिका, म्हणजे एकूण सहा. आपल्या बहुतेक प्राथमिक शाळांत संगीताचा शिक्षक नाही, हे गृहीत धरूनच आखणी करायची. एका शनिवारी वर्गशिक्षकांची दोन तासांची कार्यशाळा, एक पानाची सूचना, आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सहा छोट्या ध्वनिफिती. पहिल्या दोन तासिका फक्त लय धरण्याच्या. पुढच्या दोन एक गाणं बसवण्याच्या. शेवटच्या दोन ऐकण्याच्या: हीच चाल आत्ता हळू झाली की जलद, चढली की उतरली, एकजण वाजवतोय की पुष्कळ.

गाणं म्हणून ‘ये रे ये रे पावसा’ मला उत्तम वाटतं. पारंपरिक आहे, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही. स्वरांचा पल्ला छोटा आहे. आणि पोरांना ते आधीच येतं. अडचण असते पट्टीची. बाई किंवा सर आपल्या गळ्याच्या सोयीनं गाणं खाली सुरू करतात, आणि मुलं खर्जात पुटपुटतात किंवा सरळ ओरडतात. लहान मुलाचा गळा पांढरी दोनच्या (पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या) मधल्या षड्जापासून वर मोकळा चालतो, आणि पांढरी दोन ही तारेच्या वाद्यांनाही सोयीची पट्टी आहे. ध्वनिफीत त्याच पट्टीत द्यावी आणि शिक्षकांना सांगावं की तुम्ही गाऊ नका, फितीबरोबर मुलांना गाऊ द्या. कार्यक्रमाच्या दिवशी शाळेची पेटी बरोबर वाजवू नये. ती क्वचितच वाद्यवृंदाच्या सुराला लागलेली असते, आणि त्या भांडणात पेटीच जिंकते.

कार्यक्रम पंचेचाळीस मिनिटांचा, मध्यंतर नाही, कोणतीही रचना चार मिनिटांवर जाणार नाही. निवेदकाचं सलग बोलणं चाळीस सेकंदांपेक्षा लांबलं की मुलं हातातून गेली. सगळं मिळून दहा मिनिटांत बोलणं आटपावं. आणि बोलणं मराठीत, कागद न पाहता.

एक रचना जवळून पाहू. ग्रीगचं ‘इन द हॉल ऑफ द माउंटन किंग’, १८७६ साली रंगमंचावर आलेल्या ‘पेर गिंट’ नाटकातलं, जेमतेम अडीच मिनिटांचं. एकच छोटी चाल खालच्या स्वरांत, चोरपावलांनी सुरू होते आणि शेवटपर्यंत तीच फिरत राहते; वाद्यं वाढतात, पट्टी चढते, आवाज वाढतो, वेग वाढतो. मुलांना काम असं: सुरुवातीला दोन बोटांनी तळहातावर ठेका, बासरी-क्लॅरिनेट आले की मांडीवर, शेवटी बसल्या जागी पायांनी. पूर्ण टाळी सुरुवातीला दिली तर २४० टाळ्यांखाली चेलो बुडतो, हे ठरवणाऱ्याच्या लक्षात बहुधा पहिल्या प्रयोगात येतं. दुसरी गडबड वेगाची. मुलं उत्साहात वाद्यवृंदाच्या पुढे पळतात. शिवाय वीस मीटर लांबीच्या सभागृहात मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचायला सहा शतांश सेकंद लागतात. कानावर भरवसा ठेवून ठेका धरला तर मागची मुलं कायम मागे. म्हणून ठेका डोळ्यांनी घ्यायचा. कंडक्टरला वादकांकडे पाहावंच लागतं, तेव्हा मुलांकडे तोंड करून हात दाखवणारा दुसरा माणूस हवा, आणि त्यानं कंडक्टरकडे पाहायचं, आवाजाकडे नाही. रचना संपल्यावर एकच प्रश्न: ‘काय बदललं, आणि काय बदललं नाही?’ चाल बदलली नाही, हे सात वर्षांचं मूल सांगतं. त्यासाठी सोनाटा, सिम्फनी असले शब्द लागत नाहीत.

हायडनच्या ९४व्या सिम्फनीच्या दुसऱ्या भागात सोळाव्या मात्राखंडात एकदम मोठा ठोका येतो. चाल आधी हलक्या आवाजात, मग त्याहून हलक्या, आणि धाडकन. १७९२ साली लंडनमध्ये तो पहिल्यांदा वाजला, आणि मुलांसाठी आजही तो हुकमी आहे. पण चौदा जणांत टिंपनी (मोठे नगारे) नसेल तर धक्का बसत नाही. शाळेच्या लेझीम पथकातला ढोल आणून एक ठोका द्यावा, हायडन रागावणार नाही. खरं शिकणं दुसऱ्या फेरीत आहे: तोच भाग पुन्हा वाजवायचा आणि ठोका गाळायचा. वाट पाहून तो आला नाही की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. संगीत ऐकताना आपण पुढचं अंदाजानं ऐकत असतो, ही गोष्ट मोठ्यांनाही एवढी स्पष्ट कुणी दाखवलेली नसते.

मुलाच्या हाती कंडक्टरची काडी देणं हा सगळ्यांचा आवडता प्रकार, आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते. मूल हात हलवतं, वादक आपल्या ठरलेल्या लयीत वाजवत राहतात, टाळ्या पडतात. दुसऱ्या मुलाला लगेच कळतं की काडीत काही दम नाही. वादकांना तालमीत बजावून सांगावं लागतं की मूल जे करेल तेच करायचं, रचना कोसळली तरी चालेल. मूल हात अगदी सावकाश खाली आणू लागलं की व्हायोलिनचा गज संपतो, ट्रंपेटवाल्याचा दम संपतो, आणि सभागृह खदखदून हसतं. मूल थांबलं की सगळे थांबतात. त्या क्षणी कंडक्टर काय करतो हे सभागृहातल्या प्रत्येकाला समजलेलं असतं. यासाठी वादकांची अर्ध्या तासाची वेगळी तालीम ठेवावी, कारण मुलाच्या हाताकडे पाहून वाजवायची सवय अनुभवी वादकांनाही नसते.

‘पीटर अँड द वुल्फ’बद्दल मात्र माझं मत लोकांना आवडत नाही. प्रोकोफिएव्हनं १९३६ साली मॉस्कोतल्या बालरंगभूमीसाठी लिहिलेली ही रचना सुंदर आहे: पक्ष्याला बासरी, बदकाला ओबो, मांजराला क्लॅरिनेट, आजोबांना बॅसून, लांडग्याला तीन हॉर्न. पण पहिल्या भेटीला ती घेऊ नये. सुमारे पंचवीस मिनिटं मुलं गोष्टीमागे धावतात, संगीत तिच्या मागून येतं, आणि करायला हाताला काहीच नसतं. मराठी निवेदन मुळाहून लांबतं, त्यामुळे वादकांना थांबून राहावं लागतं आणि सगळा डोलारा ढिला पडतो. वर्षभरानं, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, निवेदन कातरून ती खुशाल करावी.

आता आक्षेप. ‘आपलं संगीत मुलांना येत नाही, आणि तुम्ही बेथोव्हन घेऊन निघालात?’ आक्षेपाचा पहिला अर्धा भाग खरा आहे. बैठकीतलं गाणं, तबला, पखवाज शाळेत जायलाच हवेत, आणि आधी जावेत असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण वाद्यवृंद इथे परका आहे हे खरं नाही. मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. आकाशवाणीचा वाद्यवृंद १९५२ पासून, त्याचे पहिले संचालक पंडित रविशंकर. हिंदी चित्रपटगीतांतली व्हायोलिनांची लाट बहुतांशी गोव्याच्या माणसांनी वाजवली, चर्चच्या गावशाळांत सोल्फेज (स्वरांच्या नावांनी गाणं वाचणं) आणि व्हायोलिन शिकून मुंबईत आलेल्या. त्यांतले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे गुरू. १९५८ साली त्यांनी रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना सोबत घेऊन सादर केल्या. महाराष्ट्रातल्या मुलानं हा आवाज वरातीत आणि रेडिओवर ऐकलेलाच आहे, फक्त तो कुठून येतो ते पाहिलेलं नाही. आणि वेगवेगळ्या चाली एकाच वेळी चालू असताना त्यातली एक कानानं धरून ठेवणं, हे काम एकल गाण्याच्या बैठकीत करावं लागत नाही.

दुसरीकडे, या कार्यक्रमांची जाहिरात ‘मुलांची बुद्धी वाढते’ म्हणून करणं बंद झालं पाहिजे. त्या समजुतीचं मूळ १९९३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका छोट्या प्रयोगात आहे: कॉलेजचे ३६ विद्यार्थी, मोझार्टची दहा मिनिटं, आकृत्यांच्या कोड्यांत थोडी सुधारणा, तीही दहा-पंधरा मिनिटं टिकलेली. त्यात लहान मूल एकही नव्हतं. पालकांना गणितातल्या गुणांचं आमिष दाखवून आणलं की पुढच्या वर्षी गुण वाढले नाहीत म्हणून ते येत नाहीत.

कार्यक्रमानंतर वाद्य हाताळू द्यावं, पण नीट. आठ टेबलं, प्रत्येकाभोवती दहा मुलं, पाच मिनिटांनी बदल, प्रत्येक तुकडीला तीन टेबलं. २४० मुलांच्या तीन तुकड्या तासाभरात होतात आणि बाकीच्या तेवढ्यात डबा खातात. व्हायोलिन एक-अष्टमांश आणि एक-चतुर्थांश मापाची, भाड्यानं. गजाच्या केसांना बोट लावू द्यायचं नाही, कारण तेल लागलं की राळ धरत नाही आणि गज तारेवरून नुसता घसरतो. ट्रंपेटचे ओठांना लावायचे चार माउथपीस आलटून पालटून, मध्ये स्पिरिटनं पुसून आणि वाळवून. ओबोची पत्ती कुणाच्याही तोंडात जाता कामा नये. स्वच्छतेसाठी तर आहेच, शिवाय ती एका दातानं फुटते. आवाजानं बिथरणाऱ्या मुलांसाठी दाराजवळ जागा आणि कान झाकायची साधनं ठेवावीत, बाहेर जाऊन परत यायची मुभा असावी.

आणि सत्कार. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचं मनोगत, अध्यक्षीय समारोप यांत वीस मिनिटं गेली की मुलांचं लक्ष देण्याचं भांडवल संपलेलं असतं, आणि मग कंडक्टर दिवाळखोर दुकान चालवायला घेतो. पाहुण्यांना आग्रहानं बोलवावं, पहिल्या रांगेत सतरंजीवर मुलांबरोबर बसवावं, आणि समारंभ मुलं गेल्यावर करावा. निधी देणाऱ्याशी होणाऱ्या लेखी कराराच्या पहिल्या पानावर ही अट घालावी. तोंडी सांगून ती पाळली जात नाही.

राहता राहिला पुढचा प्रश्न: आवडलेल्या मुलानं नंतर जायचं कुठे? मुंबईत मेहली मेहता फाउंडेशन आणि एनसीपीएची संगीत अकादमी आहे, गोव्यात कला अकादमी आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या बहुतेक तालुक्यांत काहीच नाही. तिथे एकच भेट देऊन निघून जाण्यापेक्षा मी निम्म्या शाळा गाळीन आणि उरलेल्यांना वर्षातून दोनदा जाईन, शक्यतो तेच वादक घेऊन. दुसऱ्या भेटीच्या आधी वर्गात एक साधी परीक्षा घ्यावी: मुलांनी कधी न ऐकलेले आठ तुकडे, प्रत्येकी दहा सेकंदांचे, आणि मुलांनी फक्त चित्राकडे बोट दाखवायचं, तार, फुंक की ठोका. ‘कार्यक्रम आवडला का?’ या प्रश्नाला सगळी मुलं हो म्हणतात, कारण त्या दिवशी गणिताचा तास बुडालेला असतो.